बिस्किटांच्या डब्यातली टोकनं : वाचकांचे प्रश्न, संग्राहकांची उत्तरं

बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेच्या जुन्या भाडे-टोकनांविषयी आलेल्या पत्रांतली सात पत्रं या वेळी घेतली आहेत. बरेच प्रश्न न्यूयॉर्कच्या टोकनांवर आहेत. नातेवाइकांच्या सामानातून आपल्याकडे येतात ती मुख्यतः तीच, म्हणून त्यांच्या ओळखीला आणि साफसफाईला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न (ठाणे) : माझे मामा 1974 ते 1991 न्यूयॉर्कला नोकरीला होते. त्यांच्या सामानात बिस्किटांच्या डब्यात सदतीस टोकनं सापडली. एक सोडून कशावरच साल नाही, किंमत तर कुठेच नाही. कोणतं कधीचं, हे कसं ओळखायचं?

उत्तर : साल आणि किंमत मुद्दामच घातलेली नाही. ‘गुड फॉर वन फेअर’, म्हणजे एका प्रवासाला चालेल, एवढंच लिहिलं की भाडं वाढल्यावरही तेच टोकन नव्या दराने विकता येतं. त्यामुळे काळ ठरवायचा तो आकारावरून आणि मधल्या भोकावरून. सगळी टोकनं पांढऱ्या कागदावर पसरा, हाताशी व्हर्नियर, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत धरून बारीक माप दाखवणारं साधन, ठेवा. साधी मोजपट्टी इथे फसवते, कारण गोल वस्तूचा नेमका व्यास तिच्यावर कधीच पकडता येत नाही.

सगळ्यांत लहान, 16 मिलिमीटरचं, ‘एनवायसी’ (न्यूयॉर्क सिटी) मधला वाय आरपार कापलेला, हे पहिलं टोकन. 25 जुलै 1953 ला भाडं 15 सेंट झालं तेव्हा ते आलं. 1966 मध्ये भाडं 20 सेंट झालं तरी तेच चाललं. 1970 मध्ये भाडं 30 सेंट झालं आणि टोकन मोठं झालं : वाय तसाच कापलेला, पण व्यास 23 मिलिमीटर. हे मोठं टोकन 30, 35 आणि 1975 पासून 50 सेंट अशा तिन्ही दरांना चाललं. तुम्ही म्हणता ते साल असलेलं टोकन 1979 चं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेला 75 वर्षं झाली म्हणून ते निघालं, त्यावर 1904 आणि 1979 ही सालं आहेत आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं भोक आहे.

1980 मध्ये भाडं 60 सेंट झालं तेव्हा भोक गेलं आणि सपाट, भरीव पितळी टोकन आलं. ते 75 आणि 90 सेंटांच्या काळातही होतं. 1 जानेवारी 1986 ला भाडं एक डॉलर झालं, आणि पितळी कड्यात पांढऱ्या धातूची टिकली बसवलेलं टोकन सुरू झालं. नेमबाजीच्या लक्ष्यासारखं दिसतं म्हणून त्याला ‘बुल्स आय’ म्हणतात. शेवटचं 1995 चं, भाडं दीड डॉलर. त्याच्या मध्ये पंचकोनी भोक आहे : मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या शहराच्या पाच विभागांचे पाच कोन. 2003 च्या एप्रिलमध्ये टोकनांची विक्री थांबली आणि 4 मे 2003 ला भाडं दोन डॉलर झालं, तेव्हा भुयारी रेल्वेच्या फिरत्या फाटकांनीही ती घेणं बंद केलं.

आता मामांच्या मुक्कामाची वर्षं या क्रमाशी जुळवून बघा. मोठा वाय, चौकट, भरीव आणि बुल्स आय हे चार प्रकार त्यांनी स्वतः प्रवासासाठी घेतलेले असू शकतात. 16 मिलिमीटरचं एखादं निघालं तर ते तिथे पोचण्याआधीच चलनातून गेलं होतं, म्हणजे कुणीतरी दिलेलं किंवा विकत घेतलेलं. पंचकोनी निघालं तर ते 1991 नंतरच्या एखाद्या भेटीतलं. अशी नोंद आजच, मामींना किंवा मामेभावंडांना विचारून, चिठ्ठीवर करा. टोकनावर नसलेली माहिती घरच्यांकडेच असते, आणि ती पुढे कुठल्याही सूचीत सापडत नाही.

प्रश्न (नागपूर) : सरळ नाणं टाकून फाटक उघडत असताना वेगळं टोकन काढायची गरजच काय होती?

उत्तर : नाणंच टाकत होते. 1904 मध्ये भाडं पाच सेंट होतं आणि ते 1948 पर्यंत बदललं नाही, त्यामुळे फाटकाला पाच सेंटांचं एक नाणं पुरत असे. 1948 मध्ये भाडं दहा सेंट झालं, तेव्हा यंत्र दहा सेंटांच्या नाण्यासाठी बदललं. खरी अडचण 1953 मध्ये आली. पंधरा सेंटांचं नाणं अमेरिकेत नाही, आणि त्या फाटकांना दोन वेगळी नाणी ओळखता येत नव्हती. म्हणून पंधरा सेंटांना एक टोकन विकायचं आणि यंत्राला तेवढं एकच ओळखायला लावायचं, असा तोडगा निघाला. मुंबईच्या ट्राममध्ये हा प्रश्न आला नाही. 1874 च्या घोड्यांच्या ट्रामपासून 31 मार्च 1964 च्या शेवटच्या फेरीपर्यंत भाडं कंडक्टरच घेत होता. त्याच्या हाताला सुटे पैसे मोजता येतात, यंत्राला येत नाहीत. आपल्याकडचा संग्राहक कागदी तिकिटांकडे वळला त्याचं कारण हेच.

प्रश्न (चिपळूण) : पितळी टोकनांवर हिरवट थर आला आहे. देवाची भांडी घासतो तशी चिंच आणि मिठाने घासली तर चालतील का? आमच्याकडे पावसाळ्यात कपाटही ओलं लागतं.

उत्तर : नका. चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, यांतलं काहीही टोकनाला लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल लागलं की पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं आणि टोकनावर गुलाबी-लालसर डाग पडतात. ते परत पितळी होत नाहीत. देवाच्या भांड्यांवर ते कळत नाही, कारण ती दर आठवड्याला घासली जातात आणि रोज हाताळली जातात. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड बारीक अक्षरांच्या कोपऱ्यांत अडकतं आणि ओल मिळाली की हिरवा कळंक पुन्हा पुन्हा आणतं.

आधी हिरवा थर कुठल्या जातीचा आहे ते भिंगातून बघा, दहापट पुरे.

तो चिकट, तेलकट, फिक्या हिरव्या शेवाळासारखा असेल तर दोष बहुधा टोकनाचा नाही, पाकिटाचा आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत प्लास्टिक लवचिक राहावं म्हणून मिसळलेला द्रव कालांतराने बाहेर झरतो आणि त्यानेच हा लेप तयार होतो. यावर शुद्ध अॅसिटोन चालतं, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातलं. नेलपॉलिश रिमूव्हर घेऊ नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत टोकन बुडेल एवढं घ्या, खिडकी उघडी ठेवा, आसपास गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटतं नको. पाच मिनिटांनी चिमट्याने काढून नव्या अॅसिटोनमध्ये एकदा बुचकळा आणि कागदावर उभं करून वाळू द्या. पुसू नका. पहिल्या वाटीतल्या मळक्या अॅसिटोनमध्ये दुसरं टोकन टाकलं तर मळ फक्त जागा बदलतो.

थर कोरडा, गडद हिरवा आणि घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक दिवस भिजवा आणि बांबूच्या दातकोरणीने, टोकाशी पाणी ठेवून, हलकेच टोकरा. सुई, ब्लेड, तारेचा ब्रश कधीही नाही. निघत नसेल तर राहू द्या. स्थिर थर टोकनाला सांभाळतोच. मात्र फिकट हिरवी भुकटी पुसून काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्याच जागी परत आली, तर ते टोकन लगेच वेगळ्या डबीत ठेवा. तो क्लोराइडचा रोग आहे, आणि कोरडं ठेवलं तरच थांबतो.

बुल्स आयला पाण्यात भिजवूच नका. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत, त्यांच्या सांध्यात पाणी शिरलं की त्या रेघेवरच गंज सुरू होतो आणि टिकली सैल होते.

पावसाळ्यासाठी : रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात ओल शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. चिपळूणसारख्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरा दिवसांनी रंग बघा. रंग बदलला की पाकिटावर सांगितलेल्या तापमानाला वाळवून परत वापरता येतात. लाकडी खण आणि पुठ्ठ्याचे स्वस्त डबे टाळा, त्यांतून आम्लाची वाफ निघत राहते. टोकन ठेवायचं ते मायलरच्या, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टरच्या, खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, पन्नास मिलिमीटरच्या. साधे स्टेपल आपल्या हवेत एका पावसात गंजतात, तेव्हा चिकटणाऱ्या कडांच्या चौकटी घ्या. स्टेपल मारायचेच असतील तर त्यांची टोकं पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या टोकनावर ओरखडा उठलाच म्हणून समजा.

एक गोष्ट ठळकपणे : अॅसिटोन फक्त धातूला. ब्रिटनमधल्या ट्राम-बसची रंगीत सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या जातीच्या प्लास्टिकची, टोकनं त्यात विरघळतात. दाबलेल्या फायबरची, म्हणजे पुठ्ठ्यासारख्या तंतूंची, टोकनं पाण्याने फुगतात. सेल्युलॉइड तर धातूजवळही ठेवू नका. जुनं होताना त्यातून आम्लवायू सुटतो आणि डब्यातलं सगळं पितळ गंजतं. त्याला हवा लागेल अशी वेगळी पेटी करा, उष्णतेपासून दूर, कारण ते चटकन पेट घेतं.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : न्यूयॉर्कची म्हणून पन्नास टोकनांची पिशवी एकत्र घेतली. त्यांत तिघांवर ‘कनेटिकट टर्नपाइक’ असं आहे. विक्रेत्याने फसवलं का?

उत्तर : फसवणूक म्हणता येणार नाही, उलट ही तीन टोकनं न्यूयॉर्कच्याच गोष्टीतली आहेत. ती शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या महामार्गावरच्या टोल नाक्याची. साडेसतरा सेंटांना मिळत. 1982 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या प्रवाशांच्या ध्यानात आलं की ती आकाराने आणि वजनाने भुयारी रेल्वेच्या टोकनाला जुळतात आणि फाटक मुकाट्याने उघडतं. तेव्हा भाडं होतं 75 सेंट, पुढे 90. साहजिकच रेल्वेच्या पेट्यांत टोलची टोकनं पडू लागली, ती वीस लाखांच्या वर गेली. 1985 मध्ये कनेटिकटने त्या महामार्गावरचा टोलच बंद केला आणि जमा झालेल्या प्रत्येक टोकनामागे साडेसतरा सेंट न्यूयॉर्कला दिले, तेव्हा तंटा मिटला.

तुमची तीन टोकनं 1980 च्या भरीव टोकनाशेजारी ठेवा आणि दोघांचा व्यास आणि वजन स्वतः मोजून लिहा. वजनाला दोन दशांशांपर्यंत दाखवणारा सराफी काटा लागेल, स्वयंपाकघरातला चालणार नाही. संग्रहातली ही जोडी आम्हाला कुठल्याही दुर्मिळ टोकनापेक्षा बोलकी वाटते. यंत्र टोकन वाचत नाही, ते फक्त मापतं, हे त्यातून हाताला कळतं.

प्रश्न (पुणे) : संग्रह नीट लावायचा आहे. अमेरिकन यादीत ‘डब्ल्यूएम 23 एसडी’ अशी अक्षरं दिसतात. ती कशी वाचायची आणि चौकटीवर काय लिहायचं?

उत्तर : डब्ल्यूएम म्हणजे व्हाइट मेटल, पांढरा मिश्रधातू. 23 हा मिलिमीटरमधला व्यास. एसडी म्हणजे सॉलिड, भोक नसलेलं. बी आलं तर ब्रास, ए म्हणजे अॅल्युमिनियम, एफ म्हणजे फायबर. फायबर आणि जस्ताची टोकनं दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली तेव्हा बरीच निघाली, त्यामुळे धातूचं अक्षरच कधीकधी काळ सांगून जातं.

अमेरिका आणि कॅनडाच्या टोकनांसाठी संग्राहक अॅटवुड-कॉफी सूचीचे क्रमांक वापरतात : आधी राज्याची अक्षरं, मग शहराचा आकडा, मग त्या शहरातल्या टोकनाचं अक्षर. ही सूची अमेरिकन व्हेक्चरिस्ट असोसिएशनची, ही संस्था 1948 पासून आहे. प्रवासाला लॅटिनमध्ये ‘वेक्तुरा’ म्हणतात, त्यावरून टोकन जमवणारा तो व्हेक्चरिस्ट. क्रमांक पाहिल्याशिवाय परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करू नका. एकाच शहराची दोन टोकनं डोळ्यांना सारखी दिसतात आणि अक्षरांच्या जाडीत किंवा भोकाच्या आकारात वेगळी निघतात.

चौकटीवर सूचीचा क्रमांक, शहर, धातू, तुम्ही स्वतः मोजलेला व्यास आणि वजन, कुणाकडून, कधी आणि कितीला, एवढं पेन्सिलीने लिहा, आणि टोकन आत घालण्याआधी लिहा. आत घातल्यावर दाबून लिहिलं तर मायलरला सुरकुती पडते. सुरुवात एका शहरापासून करा. न्यूयॉर्कचे सहा प्रकार एका वर्षात पुरे होतात, कारण ती टोकनं कोट्यवधींनी निघाली आणि भाडेवाढीची बातमी आली की लोक जुन्या दराने मूठ-मूठ घेऊन ठेवत. साध्या टोकनाला काही मोजक्या डॉलरांहून जास्त देऊ नका. फिलाडेल्फिया दुसरं शहर म्हणून चांगलं : तिथे टोकनं 2018 पर्यंत विकली जात होती, म्हणून चकचकीत नग अजून मिळतात.

प्रश्न (सांगली) : काकूंनी लहान वाय असलेल्या टोकनाचं पदक करून साखळीत घातलं होतं. आता कडी काढून टाकली तर ते संग्रहात चालेल?

उत्तर : कडी काढू नका. कडी जोडायला डाग (झाळ) देताना लागलेल्या उष्णतेने पितळेचा रंग आधीच बदललेला असतो, आणि कडी कापल्यावर काठावर राखाडी रेघ राहते, जी भिंगाखाली लगेच दिसते. त्यावर सोन्याचा मुलामा दिला असेल तर आणखी एक खूण आहे : खऱ्या वापराने उंच अक्षरं आधी झिजतात, मुलामा दिलेल्या टोकनावर मात्र ओरखड्यांच्या आतसुद्धा तेवढीच चमक असते. बदलाबदलीच्या बाजारात अशा नगाला जवळजवळ किंमत नाही. ते साखळीसकट, काकूंच्या नावाच्या चिठ्ठीसह ठेवा, आणि संग्रहासाठी दुसरं घ्या. ते महाग नाही.

प्रश्न (घाटकोपर) : आपल्या मेट्रोचं प्लास्टिकचं टोकन संग्रहासाठी ठेवून घेतलं तर बिघडतं का? आणि टोरांटोला राहणारी बहीण तिथली टोकनं पाठवणार आहे, ती कशी मागवू?

उत्तर : पहिल्याचं उत्तर : ठेवून घेऊ नका. न्यूयॉर्कचं टोकन प्रवासी विकत घेत असे. मेट्रोचं बिनस्पर्शाचं टोकन आतल्या चिप आणि तारेच्या वेटोळ्यासकट मेट्रोचं असतं आणि प्रवासापुरतं हातात येतं. म्हणून तर बाहेर पडताना फाटक ते गिळतं. दिल्लीत 2002 पासून, कोलकात्यात 2011 पासून आणि आपल्या वर्सोवा-घाटकोपर मार्गावर जून 2014 पासून ही पद्धत आली. एकेक नग नेला तर पुढच्या प्रवाशाला टोकन कमी पडतं. क्यूआर तिकिटांमुळे ती आता बऱ्याच ठिकाणी हटली आहेत, तेव्हा मेट्रोनेच जुनी टोकनं स्मरणवस्तू म्हणून विकली तर घ्या, तोवर कागदी तिकिटं आणि वापरून झालेली कार्डं जमवा. चिप बघायला टोकन फोडायचं तर मुळीच नाही.

टोरांटोबाबत बहिणीला एवढं सांगा : अॅल्युमिनियमची हलकी टोकनं आणि 2006 च्या शेवटी आलेली दोन धातूंची, दोन्ही प्रकार शोध. बनावट टोकनांचा सुळसुळाट झाला म्हणूनच दोन धातूंचं आणावं लागलं, तेव्हा जुन्या अॅल्युमिनियमच्या नगांत नकली निघू शकतात. तिने कडा तपासाव्यात : नकलीच्या कडा खरबरीत असतात आणि अक्षरं पुसट, दोन-तीन नग एकत्र ठेवले की फरक दिसतो. विक्री 30 नोव्हेंबर 2019 ला थांबली.

साध्या लिफाफ्यात टोकन सुटं टाकून पाठवू देऊ नका. टपालाच्या छाननी यंत्राच्या रुळांत ते कोपऱ्याकडे सरकतं, लिफाफा फाडतं आणि बाहेर पडतं. पोस्टकार्डाएवढे दोन जाड पुठ्ठे घ्यायला सांगा, प्रत्येक टोकन आधी कागदी घडीत, मग पुठ्ठ्याला चिकटपट्टीने, दोन टोकनांत बोटभर अंतर ठेवून. पट्टी कागदाला लागली पाहिजे, धातूला नाही, नाहीतर गोंदाचा डाग उरतो. वर दुसरा पुठ्ठा, चारही कडा बंद, आणि बबलच्या पाकिटात. सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर ‘नाणी’ लिहू नये, ‘वापरून झालेली वाहतूक टोकनं’ असं, संख्येसह आणि खऱ्या किमतीसह लिहावं. दिवाळीला ती स्वतः येणार असेल तर सगळ्यांत बरं : पारदर्शक पिशवीत, हातातल्या सामानात. तपासणीच्या पडद्यावर धातूचा गठ्ठा दिसला की पिशवी उघडायला सांगतात, वरच असेल तर एका मिनिटात काम होतं.